तगाई, शिकमी आणि दोन हजार रुपये

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. मौदा म्हणजे नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या काठी लागणारं तालुक्याचं गाव. भाग धानाचा. इथे पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंतचे दिवस मोठ्या बोलाचालीचे असतात. सालदार ठरतो, त्याचं साल ठरतं. कोणाचं वावर यंदा कोण ठेक्याने करणार, कोण बटईने करणार, एकराला किती पैसे किंवा किती पोती, हेही याच दिवसांत ठरतं. याचा कागद सहसा होत नाही. दोन माणसं बोलतात, तिसरा ऐकतो, थोडे पैसे हातात पडतात आणि वर्ष बांधलं जातं. त्या वर्षी माणसांना ओट्यावर एकत्र बसता आलं नाही. बोलणी फोनवर झाली, बांधावर लांब उभं राहून झाली. पण झाली, कारण मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही.

दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. गरिबांना रेशनवर माणशी पाच किलो जादा धान्य, जनधन खातं असलेल्या बायांना तीन महिने पाचशे रुपये, रोजगार हमीच्या मजुरीत वाढ, आणि शेतकऱ्यांसाठी प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता. हा हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ८ कोटी ६९ लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत टाकू, असं त्यांनी सांगितलं.

पैसे आले, आणि लवकर आले. हे आधी कबूल केलं पाहिजे. तहसीलदाराच्या कचेरीत खेटे नाहीत, कोणाची शिफारस नाही, अंगठा उठवून रोखीने मोजून घेणं नाही. घरात बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर संदेश आला आणि रक्कम खात्यात पडली. सरकारी मदतीच्या इतिहासात एवढ्या माणसांना एवढ्या थोड्या दिवसांत पैसे पोचल्याचं उदाहरण शोधावं लागेल. गर्दी झाली ती पुढे, बँकेच्या दारात. जनधनचे पाचशे काढायला खात्याच्या शेवटच्या आकड्यानुसार दिवस ठरवून दिले होते. शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल, असं करत ९ एप्रिलपर्यंत.

दोन हजारांत काय येत होतं? त्या वेळच्या भावाने एक पोतं डीएपी आणि तीन पोती युरिया. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी त्याच एप्रिलपासून २३८ रुपये झाली होती. त्या हिशेबाने साडेआठ दिवसांची मजुरी. नागपूरची भाजीबाजाराची घडी विस्कटली होती. वांगी, टमाटे, सांबार घेऊन जायचं कुठे हा प्रश्न होता. अशा महिन्यात दोन हजार हा आधार होता, लहान का होईना.

मात्र ती महामारीसाठी म्हणून वेगळी काढलेली रक्कम नव्हती. किसान सन्मान निधी २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाला होता. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचा हप्ता त्या मुदतीत मिळायचाच होता. तो आरंभीच दिला. वर्षाचे सहा हजार सहा हजारच राहिले. सालदाराला मालक अडचणीत सालातले पैसे आधी देतो, तशी ही उचल होती. तिला आपण वर्तमानपत्रांतून मदत म्हणालो.

आता हा पैसा कोणाच्या खात्यात गेला ते पाहू. योजनेचा नियम साधा आहे. ज्याच्या नावावर लागवडीची जमीन, ते शेतकरी कुटुंब. नाव १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या नोंदीत असलं पाहिजे. त्यानंतर वारसाने आलेली जमीन चालते. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर, डॉक्टर-वकील, मोठे पेन्शनर यांना वगळलेलं आहे. म्हणजे सरकारला चाळणी लावता येते. काही करदात्यांनी हप्ते घेतले तेव्हा तहसील कार्यालयांनी त्यांना वसुलीच्या नोटिसाही काढल्या. पण या सगळ्या अटींत एक प्रश्न कुठेच विचारलेला नाही: हे वावर कसतो कोण?

मौदा तालुक्यात फिरलेल्या माणसाला हे सांगायला नको. स्वतःचं दीड एकर आणि ठेक्याने घेतलेलं पाच एकर करणारी माणसं गावोगाव आहेत. स्वतःचं काहीच नाही आणि चार एकर बटईने करतात, अशीही आहेत. नागपूरला राहणाऱ्या मालकाला दोन हजार आले, कारण सात-बारा त्याचा. त्याच बांधीत परे टाकणाऱ्या, रोवणीला माणसं लावणाऱ्या, खताची उधारी डोक्यावर घेणाऱ्या ठेकेदाराला काही आलं नाही. घरी जनधन खातं असेल तर त्याच्या बायकोला पाचशे आले असतील. इकडे ठेकेदार म्हटलं की लोक रस्ते बांधणारा समजतात, म्हणून खुलासा करतो: मी म्हणतोय तो ठेकेदार चिखलात उभा असतो.

अशाच कोणा शेतकऱ्याला मी त्या उन्हाळ्यात विचारलं होतं, तुझं नाव यादीत नाही याचा राग येत नाही का? तो म्हणाला, ‘राग कायचा भाऊ, आपलं नाव कोन्त्या यादीत हाये?’ बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो एक माहिती देत होता.

ही यादी कशी तयार झाली हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

शेतकऱ्याला अडल्या वेळी राज्याने पैसा द्यावा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. तिला तगाई म्हणत, पुढे कायद्याच्या भाषेत तकावी. मूळ शब्द अरबी, ‘कुव्वत’च्या घरातला, अर्थ बळ देणं. अकबराच्या काळी अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त महसूल अधिकाऱ्याची कर्तव्यं लिहिताना, गरजू शेतकऱ्याला पैसे आगाऊ द्यावेत आणि ते हळूहळू वसूल करावेत, असं नोंदवलं आहे. शिवाजी महाराजांनी सप्टेंबर १६७६मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेलं पत्र तर आपल्या परिचयाचं आहे. गावोगाव जा, कुणबी गोळा करा, ज्याला बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला धान्य द्या, आणि त्यावर वाढ न घेता त्याची ऐपत येईल तसतसं मुद्दल परत घ्या, असा त्या पत्राचा आशय. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते गावोगाव जाण्याचं फर्मान. सुभेदाराने पाहायचं होतं ते समोरच्या माणसाला नांगर धरण्याचं बळ आहे आणि बैल नाही, एवढं. त्याच्या नावावर काय आहे हा प्रश्न पत्रात पहिला येत नाही.

१८५३मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला. इंग्रजांना सारा वसूल करायला दर गावी एक जबाबदार माणूस हवा होता. भोसलेकाळात गावाचा वसूल करणारे जे पाटील-मक्तेदार होते त्यांना त्यांनी गावाचे मालक करून टाकलं. हाच मालगुजार. शब्द फारसी, अर्थ सारा भरणारा. सारा भरणारा म्हणून जो नेमला तो मालक झाला, हा शब्दाचा प्रवास मोठा बोलका आहे. मालगुजाराच्या खाली मौरूसी म्हणजे वंशपरंपरेने कसणारी रयत, तिच्याखाली साधी रयत. आणि सगळ्यांच्या तळाशी शिकमी. शिकमी म्हणजे रयतेकडून जमीन घेऊन कसणारा पोटकूळ. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. एका कुळाच्या पोटातलं दुसरं कूळ. रोजच्या बोलण्यातून हा शब्द गेला, माणूस अजून आहे. आज त्याला आपण ठेकेदार किंवा बटईदार म्हणतो.

तगाईला कायद्याचं रूप आलं ते १८८३च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने आणि १८८४च्या शेतकरी कर्ज कायद्याने. पहिला विहिरी-बांधांसाठी, दुसरा बी-बियाणं आणि बैलांसाठी. व्याज साधारण रुपयाला वर्षाला एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के. सावकार रोकड सवाईने देई आणि धान्य दिढीने, हे लक्षात घेतलं तर सरकारी दर स्वस्तच होता. तरी लोक सावकाराकडे जात. कारण तगाईला तारण लागे, नाही तर गावातल्या आणखी चौघांची जामिनकी लागे. अर्ज, चौकशी, मंजुरी यांत पेरणीचे दिवस निघून जात. आणि वसुलीला तारीख ठरलेली असे. सावकार रात्री दार ठोठावलं तरी उघडायचा. शिकमीच्या जामिनकीला कोण उभं राहणार?

मग १८९६-९७चा दुष्काळ आला आणि तो विसरायच्या आत १८९९-१९००चा. संवत १९५६ म्हणून त्याला छप्पन्याचा काळ म्हणत. मध्य प्रांताने त्याच्यासारखी आपत्ती पाहिली नव्हती. १९००च्या पावसाळ्यात प्रांतातल्या दर पाच माणसांमागे सुमारे एक माणूस सरकारी मदतीवर जगत होता. सर अँड्र्यू फ्रेझर तेव्हा मुख्य आयुक्त होते. रस्त्यांची, तलावांची कामं निघाली, आणि गावोगाव शिजवलेलं अन्न देणारी केंद्रं उघडली. त्या काळच्या इंग्रजी राज्याला दानशूर म्हणण्याची माझी इच्छा नाही. याच राज्याने तीन वर्षं आधी मदत हात आखडून दिली होती आणि माणसं मेली होती. पण १९००मध्ये अन्नकेंद्रावर आलेल्या माणसाला कोणी जमिनीचा कागद मागितला नाही. तो उपाशी आहे हे दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

त्याच दोन्ही दुष्काळांत आणखी एक गोष्ट घडली, जिची आठवण आज कोणी काढत नाही. देशविदेशातून वर्गणी जमवून भारतीय दुष्काळ धर्मादाय निधी उभारला गेला होता. निधीच्या उद्देशांपैकी शेवटचा असा होता, की ज्यांचं सगळं गेलं त्यांना दुष्काळ ओसरू लागला की पुन्हा उभं राहण्यासाठी मदत करावी. यातून शेतकऱ्यांना बैलांसाठी आणि बियाण्यांसाठी रोख पैसे दिले गेले. परत न करायचे पैसे. शेतकऱ्याच्या हातात थेट, बिनपरतीची रोख रक्कम देण्याच्या आपल्याकडच्या प्रथेचं मूळ शोधायचं तर मी तिथे बोट ठेवीन. ते पैसे समित्यांनी आणि दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी माणूस पाहून दिले. यात चुका झाल्या असतील, वशिलेही चालले असतील. माणूस पाहून देण्याचे धोके असतात.

कागद पाहून द्यायची मदत वेगळी होती, ती म्हणजे साऱ्याची सूट आणि तहकुबी. पीक बुडालं की सरकार मालगुजाराचा सारा पुढे ढकले किंवा सोडून देई. त्याने रयतेचा लगान त्या प्रमाणात सोडावा, ही अपेक्षा. तो सोडेल की नाही हे पाहायला अधिकारी. पण त्याखाली रयत आपल्या शिकमीला काही सोडेल की नाही हे तिच्या मर्जीवर. पाणी वरून सोडलं तरी शेवटच्या बांधीपर्यंत पोचेलच असं नाही, हे धानाच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. १९०१च्या दुष्काळ आयोगाने, सर अँथनी मॅक्डॉनेल त्याचे अध्यक्ष होते, सरकारला बजावलं की सूट आणि तगाई संकटाच्या आरंभीच जाहीर करा, म्हणजे लोक धीर सोडणार नाहीत. शहाणा सल्ला होता. २६ मार्च २०२०ची घोषणा त्या सल्ल्याला धरूनच होती असं म्हणता येईल. पण आरंभी कोणाला, हे आयोगाच्या काळीही वरच्या दोन पायऱ्यांपुरतंच स्पष्ट होतं.

महामारी आणि शेती यांची गाठ पडली ती १९१८ साली. त्या वर्षी पावसाने दगा दिला, भाव चढले, आणि धान निसवून पिवळं पडायच्या दिवसांत इन्फ्लुएंझा आला. लोक त्याला मानमोडी म्हणत. देशात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसं गेली असावीत, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. सर्वांत जास्त मार खाल्लेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत-वऱ्हाड होता. इथे हजारी साठांहून अधिक माणसं गेली. घरटी एक-दोन प्रेतं, तीही कर्त्या वयाची, कारण या साथीने म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना जास्त उचललं. उभं धान कापायला आणि रब्बी पेरायला हात नव्हते.

सरकारकडे तेव्हा दुष्काळाची संहिता होती. पाऊस किती, पीक किती आणे, भाव किती, यावर मदतीचा हिशेब चाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात गांधीजींनी खेड्यात सत्याग्रह केला होता तो याच आण्यांवरून: पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब झाला पाहिजे. पण शेत चांगलं आहे आणि नांगरणाराच तापाने गेला, हे त्या हिशेबात सहज बसत नव्हतं. पुढे या साथीने अर्थशास्त्रज्ञांना मात्र एक प्रश्न दिला. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४च्या पुस्तकात दाखवलं, की इन्फ्लुएंझाने माणसं गेली त्यानंतर भारतात पेराही घटला. म्हणजे खेड्यात माणसं फालतू पडून आहेत, ती काढली तरी उत्पादन घटत नाही, हा समज खरा नाही. अमर्त्य सेन यांनी त्यांच्या हिशेबावर हरकत घेतली. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. वाद तज्ज्ञांचा आहे, त्यात मी पडत नाही. पण मेलेल्या नांगरधाऱ्यांची मोजदाद निदान त्या निमित्ताने कोणी केली. त्यांच्यातले शिकमी किती, मालक किती, हे त्या आकड्यांत कुठून येणार!

स्वातंत्र्यानंतर ३१ मार्च १९५१ला मालगुजारी गेली. तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि मौदा-रामटेकपासून भंडाऱ्यापर्यंत लोक त्यांना अजून माजी मालगुजारी तलाव म्हणतात. १९५६मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८मध्ये विदर्भासाठी कूळकायदा झाला. कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारा हा कायदा. ज्यांच्या हाती त्याचा लाभ लागला त्यांच्या तीन पिढ्या सुधारल्या, याबद्दल शंका नको. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. जमीन दुसऱ्याला कसायला दिली आणि त्याचं नाव कागदावर चढलं, तर जमीन जाते, ही धास्ती मालकाच्या मनात कायमची बसली. तेव्हापासून ठेका तोंडी झाला. एकाच माणसाला सलग वर्षं एकच वावर देऊ नये, बदलत राहावं, ही युक्तीही तेव्हाची. कसणाऱ्याच्या भल्यासाठी झालेल्या कायद्यानंतर कसणारा कागदावरून नाहीसा झाला. पटवाऱ्याच्या खसऱ्यात इंग्रजांच्या काळी शिकमीला जी जागा होती, ती स्वराज्यात त्याने भीतीपोटी गमावली. कायदा करणाऱ्यांचा हेतू असा नव्हता; पण फळ हे आलं.

मग १९७२चा दुष्काळ. महाराष्ट्राने रोजगार हमी आणली, १९७७मध्ये तिचा कायदा केला. खडी फोडायला येईल त्याला काम, करील त्याला दाम. यात पुन्हा कागद आड येत नव्हता. हात हीच ओळख होती. दुष्काळात कामावर जाता येतं, साथीत येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत पहिले काही आठवडे हमीची कामं जवळपास थांबली. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे हजारो मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेले होते ते तिकडेच अडकले, कित्येक जंगलातून पायी परतले. हातांवर चालणारी मदत बंद आणि नावावर चालणारी सुरू, अशी ती वेळ होती. त्यामुळे नाव नसलेला माणूस एकदम उघडा पडला.

मौद्याला त्या वर्षी साथीवरच निभावलं नाही. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. चौराई, तोतलाडोह, नवेगाव खैरीची दारं उघडली आणि पेंच-कन्हानला असा पूर आला की काठच्या गावांत रातोरात पाणी शिरलं. लोंबी धरायच्या बेतातलं धान गाळाखाली गेलं. पंचनामे झाले. पटवारी, कृषी सहायक, ग्रामसेवक, तिघं मिळून बांधीवर आले. नुकसान पाहिलं ते बांधीवर, नाव लिहिलं ते सात-बाराचं. तेव्हाच्या केंद्रीय निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ६,८००, ओलिताला १३,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये उद्धव ठाकरे सरकारने दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर करून पिकांसाठी हेक्टरी दहा हजारांचा दर ठरवला. त्याच हंगामात पूर्व विदर्भातल्या धानावर तुडतुडाही आला. ठेकेदाराने ठेक्याचे पैसे तर आधीच मोजले होते. काही मालकांनी आलेल्या रकमेतली अर्धी त्याला दिली, असं मी ऐकलं आणि ते खरं असावं. गावात सगळंच कायद्याने चालत नाही, काही भिडेनेही चालतं. पण देणारे किती आणि न देणारे किती, याचा पंचनामा होत नाही.

धानपट्ट्याला साथीच्या वर्षांत सगळ्यात मोठा हात दिला तो खरं तर बोनसने. २०२०-२१च्या हंगामात हमीभाव क्विंटलला १,८६८ होता आणि राज्याने त्यावर सातशे रुपये दिले, पन्नास क्विंटलपर्यंत. म्हणजे पुरतं धान देणाऱ्याला पस्तीस हजार. दोन हजारांच्या सतरापट! हाती यायला उशीर झाला, लोक ओरडले, पण रक्कम जाणवेल अशी होती. इथेही केंद्रावर नोंदणी सात-बारावर. ठेकेदार आपलं धान मालकाच्या नावावर मोजतो, पैसे मालकाच्या खात्यात जातात आणि मग तिथून परत यायची वाट पाहतो. तरी त्या बोनसचा संबंध पिकवलेल्या दाण्याशी होता, त्यामुळे ठेकेदाराला आपला हक्क सांगता येत होता. २०२२-२३पासून बोनस क्विंटलऐवजी हेक्टरी झाला, आधी पंधरा हजार, पुढच्या वर्षी वीस हजार. व्यापाऱ्यांचं धान शेतकऱ्याच्या नावावर घुसवण्याचे प्रकार थांबावेत, हे त्यामागचं कारण रास्त होतं. पण हेक्टर म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे पुन्हा ते नाव. दाण्याशी असलेला धागाही सैल झाला.

दुसरीकडे काय करतात? अमेरिकेने एप्रिल २०२०मध्ये शेतीसाठी १९ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, तिचा हिशेब पीक आणि जनावरं यांवर होता. जो पिकाची जोखीम घेतो तो हकदार, मग जमीन भाड्याची का असेना. तिथे बड्या शेतकऱ्यांना बरंच मिळालं ही तक्रार वेगळी आणि खरी. आपल्याच देशात ओडिशाने २०१८च्या अखेरीस आणलेल्या ‘कालिया’ योजनेत बटईदारांना आणि भूमिहीन शेतमजुरांनाही जागा होती. २०२४मध्ये तिच्या जागी ‘सीएम किसान’ आली, तिनेही भूमिहीनांना सोडलं नाही. आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये कायदा करून कसणाऱ्याला मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचं कार्ड द्यायची सोय केली. कार्डावर पीककर्ज, विमा, मदत मिळावी. जमिनीवर हक्क मात्र लागू नये. मालक सही करायला अजून कचरतात, असं तिकडूनही ऐकू येतं. तरी माणसाला कागदावर आणायचं आणि मालकाची भीतीही घालवायची, एवढा विचार त्यात आहे. नीती आयोगाने २०१६मध्ये याच धर्तीचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता.

आपल्याकडे दरम्यान यादी आणखी पक्की होत गेली. २०२१च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून मोबाईलवर आपल्या पिकाचा फोटो टाकायचा. २०२३मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू करून केंद्राच्या सहा हजारांत आपले सहा हजार घातले, त्याच यादीवर. १५ एप्रिल २०२५पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. आधार आणि जमिनीचे गट त्यात एकमेकांना जोडलेले. दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, घरचा कर्ता गेलेल्या कित्येक बायांना वारसाचा फेरफार होईपर्यंत त्या यादीबाहेर थांबावं लागलं. त्यांचं नाव निदान कधीतरी चढणार होतं.

जुन्या हस्तलिखित सात-बाराचा बाराचा नमुना कोणाच्या घरी असेल तर काढून पाहा. पिकांच्या रकान्यांपलीकडे, उजव्या कडेला, शेऱ्याच्या आधी एक अरुंद रकाना आहे. त्याचं शीर्षक ‘जमीन करणाराचे नाव’. म्हणजे मालक एक आणि करणारा दुसरा असू शकतो, हे कागद तयार करणाऱ्याला माहीत होतं, आणि त्याने जागाही ठेवली होती. त्या रकान्यात वर्षानुवर्षं, हंगामामागून हंगाम, एकच शब्द लिहिलेला सापडतो: खुद्द.